ज्याला अन्न सोसत नाही त्याला काय घालावं

खाज सुटलेल्या कुत्र्याचा विषय कुणापाशी काढला की पहिला सल्ला येतो "फूड बदलून बघ", आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "हायपोॲलर्जेनिक काहीतरी आण" (म्हणजे ॲलर्जी होण्याची शक्यता कमी असलेलं). सांगणाऱ्याच्या मनात कळकळ असते, दिशाही बरेचदा बरोबर असते. पण ह्या दोन सल्ल्यांच्या मधे जे काम आहे ते फार कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच होते. आमच्या घरी गोट्या आहे, मिश्र जातीचा कुत्रा, चिकन न सोसणारा. मावशीकडे मनी मांजर आहे, तिची तऱ्हा अजूनच निराळी. ह्या दोघांपायी आमच्या घरात सगळ्यांना पेटफूडची लेबलं वाचायची सवय लागलीये, आणि त्यातून जे कळत गेलं, जे वाचलं, जे डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं ते सगळं एकदा लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

महत्त्वाचं आधी लिहून टाकतो. सगळ्या कुत्र्यांना किंवा सगळ्या मांजरांना सोसेल असं फूड जगात नाही. ज्या कुत्र्याने कधी ससा खाल्लाच नाही त्याच्यासाठी सशाचं मांस चांगला पर्याय ठरू शकतं, आणि जो लहानपणापासून तेच खातोय त्याच्यासाठी ते इतर कुठल्याही मांसासारखंच. म्हणजे पाकिटावर काय छापलंय ह्याच्या आधी प्रश्न येतो तो समोरच्या जिवाने आजवर काय काय खाल्लंय हा. त्याचं उत्तर पाकीट बनवणाऱ्याकडे नसतं, घरातल्या माणसांकडे असतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट. खाज म्हणजे फूड ॲलर्जीच असं नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तर खाजेसाठी दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांपैकी साधारण ९ ते ४० टक्के आणि मांजरांपैकी १२ ते २१ टक्के जनावरांमध्ये कारण अन्न निघतं. म्हणजे बाकीच्या बहुतेकांचं कारण दुसरंच काहीतरी असतं. पिसवा, माइट्स (कातडीत राहणारे अगदी सूक्ष्म जीव), परागकण, धुळीतले माइट्स, कातडीवरचं बॅक्टेरिया किंवा यीस्टचं इन्फेक्शन. आणि गंमत नाही, खरंच त्रासाची गोष्ट ही की हे सगळं एकाच जनावरात एकत्रही असू शकतं. म्हणून चांगला व्हेट आधी पिसवांचा बंदोबस्त करतो, इन्फेक्शन बरं करतो आणि मग खाण्याकडे वळतो. अन्नाचा संशय कधी घ्यायचा ह्याच्या काही खुणा आहेत: खाज वर्षभर सारखीच, ऋतू बदलला तरी फरक नाही. कान पुन्हा पुन्हा बिघडतायत. पंजे सतत चाटणं, शेपटीखालचा भाग घासत बसणं, आणि बरोबर पोटाच्या तक्रारी, उलटी, गॅस, दिवसातून बरेचदा शी होणं. मांजरांमध्ये डोकं-मान खाजवून रक्त काढणं किंवा पोटाचे केस चाटून चाटून टक्कल पाडणं. ह्यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून निदान झालं असं नाही, पण दोन-तीन एकत्र दिसली तर डॉक्टरांशी खाण्याबद्दल बोलायलाच हवं.

"पण तो तर वर्षानुवर्षं हेच खातोय, आत्ताच कशी ॲलर्जी होईल?" हा प्रश्न मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलाय. उत्तर असं की ॲलर्जी व्हायला आधी ओळख व्हावी लागते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या प्रोटीनला पुन्हा पुन्हा भेटते आणि कधीतरी, का ते नेमकं सांगता येत नाही, त्याला शत्रू मानायला लागते. त्यामुळे गेल्या आठवड्यात आणलेल्या नव्या ट्रीटवर सगळे संशय घेत बसतात आणि रोजच्या वाडग्यातलं, कुणाच्या नजरेतही न येणारं मांस निवांत सुटून जातं. आणि हो, दूध प्यायल्यावर पोट बिघडणं ही बरेचदा ॲलर्जी नसतेच, लॅक्टोज पचत नाही एवढंच. ॲलर्जीत रोगप्रतिकारक यंत्रणा सामील असते, न सोसण्यात ती नसते. वाडग्यासमोर बसलेल्या जनावरासाठी फरक फार नाही पण उपाय ठरवताना आहे.

मग नेमकं कशाची ॲलर्जी जास्त दिसते? २०१६ साली म्यूलर, ऑलिव्री आणि प्रेलो ह्या तिघांनी आधीच्या अभ्यासांमधल्या २९७ कुत्र्यांची माहिती गोळा करून मांडली, त्यात बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना न सोसणारे निघाले. सोया, लॅम्ब, मका, अंडं वगैरे त्याच्या बरंच खाली. मांजरांची संख्या कमी होती, ७८, पण त्यांच्यात बीफ आणि मासे जवळजवळ बरोबरीने वर होते आणि चिकन त्यांच्याखाली. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायचं, बीफमध्ये काही खास विष नाहीये. ज्या कुत्र्यांना जे जास्त खायला घातलं जात होतं तेच त्या यादीत वर आलंय. म्हणून दुसरीकडची टक्केवारी पाठ करण्यापेक्षा आपल्या जनावराची यादी करणं जास्त कामाचं.

आणि ह्याच यादीमुळे मला ग्रेन-फ्रीच्या नावाने जे विकलं जातं त्याबद्दल खूप वाईट वाटतं. ॲलर्जी आहे म्हटल्यावर लोक धान्य बंद करतात, ग्रेन-फ्री पाकीट आणतात, त्यात तेच चिकन असतं आणि खाज तशीच राहते, आणि मग "फूड बदलून पाहिलं, काही उपयोग नाही" असं म्हणून खाण्याचा विषयच बंद होतो. धान्याची ॲलर्जी असते, नाही असं नाही, पण मांस आणि दूध ह्यांच्या मानाने कमी. त्यात परत अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने) जुलै २०१८ मध्ये जाहीर केलं की कुत्र्यांमधल्या डायलेटेड कार्डिओमायोपथी ह्या हृदयाच्या आजाराचे काही रिपोर्ट्स वाटाणे, मसूर, बटाटे जास्त असलेल्या फूडशी जोडले जातायत आणि त्याची चौकशी चालू आहे, त्यातली बरीचशी फूड्स ग्रेन-फ्री होती. कारण आणि परिणाम असा थेट संबंध त्यातून सिद्ध झाला नाही हेही इथेच लिहितो. पण गरज नसताना धान्य काढून टाकण्यात काही शहाणपणा आहे असं मला वाटत नाही.

टेस्टबद्दल सगळेच विचारतात. रक्ताची टेस्ट, लाळेची टेस्ट, केसांची टेस्ट, घरी किट मागवा, नमुना पाठवा आणि पन्नास पदार्थांची लाल-हिरवी यादी मिळवा. ती यादी हातात आली की माणसाला किती हायसं वाटतं हे मला समजतं, कारण खाजवणाऱ्या जनावराकडे रात्र रात्र बघणाऱ्याला काहीतरी पक्कं हवं असतं. पण फूड ॲलर्जीच्या निदानासाठी ह्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही. २०१९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात केस आणि लाळेच्या टेस्टसाठी ॲलर्जी असलेल्या कुत्र्याचे नमुने पाठवले, निरोगी कुत्र्यांचे पाठवले आणि सोबत खोटे नमुनेही पाठवले, म्हणजे कृत्रिम फर आणि नुसतं सलाइन. ह्या खोट्या नमुन्यांचेही ॲलर्जीचे रिझल्ट आले. हे वाचल्यावर मी आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला सांगत सुटलो, कारण त्या यादीवरून लोक जनावराचं खाणं कायमचं ठरवतात, चालणारे दहा पदार्थ बंद करतात आणि न चालणारा एक चालू ठेवतात.

खरी टेस्ट एकच. एलिमिनेशन डाएट, म्हणजेच फूड ट्रायल. आजवर खाल्लेलं सगळं बंद करायचं, एकच ठरवलेलं खाणं काही आठवडे द्यायचं, बघायचं, आणि मग जुनं पुन्हा देऊन बघायचं. ऐकायला इतकं साधं आहे की लोकांना ती टेस्ट वाटतच नाही.

सुरुवात यादीपासून. आमच्या घरी ही यादी बनवायला सगळे एकत्र बसलो होतो आणि ती संध्याकाळ मला फार महत्त्वाची वाटते. ड्राय फूडमध्ये काय, वेट फूडमध्ये काय हे मी पाकिटावरून लिहिलं, मग ताईने सांगितलं की ती गोळी चीजमध्ये लपवून देते, मग भाच्याने हळूच सांगितलं की त्याला अंड्याचं पिवळं आवडत नाही आणि ते नेहमी टेबलाखाली जातं, आणि सगळ्यात शेवटी बाबा म्हणाले की सकाळी फिरून आल्यावर ते एक बिस्कीट देतात, रोज, गोट्या आला तेव्हापासून. कुणीच कुणावर रागावलं नाही. प्रत्येकाचं त्याच्याशी एक स्वतंत्र नातं होतं आणि ते खाण्यातून चालत होतं हे त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. यादी झाली तेव्हा चिकन, अंडं, दूध, गहू, बीफ, मासे हे सगळं त्यात होतं. राहिलं काय, तर फारसं काही नाही.

आता पर्याय तीन आहेत. पहिला, नॉव्हेल प्रोटीन, म्हणजे ह्या जनावराने आधी न खाल्लेलं मांस. ससा, हरीण, बदक, कांगारू, घोडा, आता तर कीटकही, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या किंवा मीलवर्म. इथे दोन अडचणी आहेत. एक म्हणजे नातेवाईक प्राण्यांची प्रोटीन्स एकमेकांसारखी असतात. बीफ न सोसणाऱ्याला लॅम्ब किंवा हरणाचं मांस चालेलच असं नाही, कारण तिन्ही रवंथ करणारे. चिकन न सोसणाऱ्याला बदक आणि टर्की द्यायची तर जपून, पक्ष्यांमध्ये आपसात खूप साम्य. माशांचंही तेच. आणि कीटकांची प्रोटीन्स धुळीतल्या माइट्सच्या प्रोटीनशी मिळतीजुळती असतात, त्यामुळे माइट्सची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला ते सरसकट सुरक्षित मानू नये. दुसरी अडचण माझ्या मते जास्त मोठी: पाकिटावर "फक्त हरीण" लिहिलंय म्हणून आत फक्त हरीण असतं असं नाही. २०१८ साली अशा तपासण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात लेबलवर नसलेले घटक सापडण्याचं प्रमाण अभ्यासागणिक ० पासून ८३ टक्क्यांपर्यंत होतं. हे नेहमी कुणी मुद्दाम करतं असं नाही, एकाच मशीनवर आधी चिकनचं फूड बनलं, मग हरणाचं, आणि मधे सफाई पुरेशी झाली नाही, की झालं. रोजच्या जेवणासाठी ह्याने काही बिघडत नाही. पण निदानासाठी आठ आठवडे घरादाराने कष्ट घ्यायचे आणि पाकिटातच चिकन निघायचं, ह्याला काय अर्थ आहे? म्हणून ट्रायलपुरतं तरी व्हेटच्या सल्ल्याने मिळणारं, वेगळ्या काळजीने बनवलेलं थेरप्यूटिक (उपचारासाठीचं) फूड घ्यावं असं मी ठामपणे म्हणेन, दुकानातल्या शेल्फवरचं लिमिटेड इन्ग्रेडियंट वालं, म्हणजे मोजकेच घटक असल्याचं सांगणारं, नाही.

दुसरा पर्याय हायड्रोलाइज्ड प्रोटीन, म्हणजे आधीच तोडून बारीक केलेलं प्रोटीन, आणि हा मला समजायला वेळ लागला म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड्सची लांब साखळी. ॲलर्जी करणारी प्रोटीन्स साधारण १० ते ७० किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) ह्या आकाराची असतात. कातडीत आणि आतड्यात मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर आयजीई नावाच्या, ॲलर्जीत भाग घेणाऱ्या अँटीबॉडीज बसलेल्या असतात, आणि एकच प्रोटीन एकाच वेळी दोन आयजीईंना चिकटलं, त्यांच्यामध्ये पूल झाला, की ती पेशी फुटल्यासारखी आतलं हिस्टामिन बाहेर टाकते आणि खाज सुरू होते. हायड्रोलाइज्ड फूडमध्ये एन्झाइम वापरून ही साखळी आधीच बारीक बारीक तोडलेली असते, काहींमध्ये बहुतेक तुकडे १० किलोडाल्टनच्या खाली, काहींमध्ये १ च्याही खाली. तेवढ्या लहान तुकड्याला दोन अँटीबॉडीजपर्यंत पोचता येत नाही. फोटो फाडून त्याचे इतके बारीक कपटे केले की माणूस ओळखू येत नाही, तसं. पोषण मात्र तेवढंच मिळतं कारण पोटात गेल्यावर प्रोटीनचं तसंही हेच होणार असतं.

पण इथेही पूर्ण खात्री नाही. सगळी ॲलर्जी आयजीईवाली नसते, टी-सेल्समुळे (रोगप्रतिकारक यंत्रणेच्याच दुसऱ्या पेशींमुळे) होणारी असते तिला लहान तुकडेही पुरतात. आणि चिकन न सोसणाऱ्या कुत्र्याला चिकनपासूनच बनवलेलं हायड्रोलाइज्ड फूड दिलं तर काहींना तरीही त्रास होतो. म्हणून हायड्रोलाइज्ड घेतानाही मूळ प्रोटीन कशाचं आहे ते बघायचं. काही सोयाचं असतं, काही कोंबडीच्या लिव्हरचं, काही पिसांचं पण फारच बारीक तोडलेलं. चव थोडी कडवट असू शकते, सगळ्यांना आवडत नाही. गोट्यासाठी आम्ही सोयापासून केलेलं निवडलं कारण यादीत बाकी सगळं होतं आणि सोया तेवढं कुठे दिसलं नाही.

तिसरा पर्याय घरी शिजवणं. एक मांस, एक पिष्टमय पदार्थ, बस. मांसात नेमकं काय आहे ते आपल्याला माहीत, कुठलंही मशीन मधे नाही, म्हणून निदानासाठी हा मार्ग बऱ्याच डॉक्टरांना आवडतो. ट्रायलच्या काही आठवड्यांसाठी मोठ्या, निरोगी कुत्र्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतं. पण पिल्लांना नाही, आणि कायमचं तर नाहीच, न्यूट्रिशनिस्टकडून रेसिपी बनवून घेतल्याशिवाय. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी पुस्तकांतल्या, वेबसाइट्सवरच्या अशा २०० रेसिपी तपासल्या तर ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. कॅल्शियम, झिंक, तांबं, काही व्हिटॅमिन्स ही काय नुसतं मांस-भात शिजवून मिळत नाहीत. आणि कांदा, लसूण, मनुका तर कुठल्याच रूपात नको, ते ॲलर्जीचं नाही, सरळ विषाचं प्रकरण आहे.

निवड झाली. पण फूड निवडून काम संपत नाही, उलट तिथून पुढे घराची परीक्षा सुरू होते आणि बहुतेक ट्रायल इथेच मोडतात. ठरवलेलं फूड आणि पाणी, बाकी तोंडात काहीही जाता कामा नये. काहीही म्हणजे काहीही. ट्रीट नाही, चघळायचं हाड नाही, फ्लेवरवाली टूथपेस्ट नाही. गोळी लपवायचं चीज नाही. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट, दर महिन्याला जंतांसाठी किंवा पिसवांसाठी देतात त्या चघळायच्या चविष्ट गोळ्या, त्यांच्या फ्लेवरमध्ये प्राण्याचं प्रोटीन असू शकतं, कॅप्सूलचं जिलेटिन गायीचं किंवा डुकराचं असू शकतं, तर ट्रायलपुरतं बिनचवीचं किंवा अंगावर लावायचं औषध मिळतं का हे डॉक्टरांना विचारायचं. औषध परस्पर बंद मात्र करायचं नाही. घरात मांजर असेल तर तिचा वाडगा उंचावर. तिचा लिटर बॉक्सही झाकून, कारण कुत्री तिथेही तोंड घालतात. लहान मूल खुर्चीवर बसून खात असेल तर तेवढा वेळ कुत्रा दुसऱ्या खोलीत.

बाबांचं काय करायचं हा आमच्याकडे खरा प्रश्न होता. त्यांना मुद्दा पटला होता, पण सकाळी फिरून आल्यावर गोट्या येऊन त्यांच्यासमोर बसायचा आणि बघत राहायचा. ज्यांनी कुत्रा पाळलाय त्यांना ते बघणं माहितीये. ताईने मग सुचवलं की त्याच्या रोजच्या किबलमधलेच (कोरड्या फूडमधलेच) मूठभर दाणे सकाळी वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे आणि बाबांनी तेच हाताने द्यायचे. गोट्याने कसलीही तक्रार न करता ते घेतले. त्याला बिस्कीट हवं होतं असं आम्ही धरून चाललो होतो, त्याला बहुतेक बाबांचा हात हवा होता. हे मी अंदाजाने म्हणतोय, पण त्यानंतर मला कुणी "बिचाऱ्याला काही खायला देत नाही तुम्ही" असं म्हटलं तरी टोचलं नाही. खाऊ घालण्यातून माया करायची आपल्याला इतकी सवय असते की न देणं हे मायेच्या विरुद्ध वाटतं. कान सुजून रात्री डोकं झटकत बसलेला जीव ज्याने पाहिलाय त्याला त्या न देण्यामागचं प्रेम समजावून सांगावं लागत नाही.

किती दिवस? ऑलिव्री, म्यूलर आणि प्रेलो ह्यांचा २०१५ चा आढावा सांगतो की ज्यांना खरोखर फूड ॲलर्जी होती त्यातली ८० टक्क्यांहून जास्त कुत्री ५ आठवड्यांत सुधारली, मांजरांना तेवढ्यासाठी ६ आठवडे लागले, आणि ८ आठवडे केलं तर दोन्हींमध्ये ९० टक्क्यांच्या वर सापडतात. म्हणून आठ आठवडे. पोट लवकर सुधारतं, कातडी सावकाश. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून दुसरं फूड, मग तिसरं, असं केलं तर हाती काही लागत नाही आणि नॉव्हेल म्हणून ठेवलेले पर्यायही एकेक करून वापरून संपतात. खाज मोजायची एक सोपी पद्धत आहे, शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवतोय. आठवड्यातून एकदा, एकाच माणसाने आकडा लिहायचा आणि कानाचा, पंजांचा फोटो काढून ठेवायचा. कारण हळूहळू होणारा फरक रोज बघणाऱ्याला दिसत नाही. सुरुवातीला डॉक्टर खाजेचं औषध देऊ शकतात, ते चालतं, फक्त शेवटी ते थांबवून नुसत्या फूडवर काही काळ बघावं लागतं.

आणि मग येतो तो भाग जो जवळजवळ कुणीच करत नाही. जनावर बरं झालंय, कान स्वच्छ आहेत, केस परत आलेत, आणि आता त्याला मुद्दाम जुनं खाणं द्यायचं. मन धजत नाही. पण त्याशिवाय हे कळणार कसं की फरक फूडमुळेच पडला? मधल्या काळात अँटिबायोटिक्स झाली असतील, पिसवा गेल्या असतील, ऋतू बदलला असेल. जुनं दिल्यावर खाज परत आली आणि ट्रायलचं फूड दिल्यावर परत गेली, तरच निदान पक्कं. खाज परतायची असेल तर बहुतेकांची दोन आठवड्यांच्या आत परतते, पहिला पंजा चाटायला लागला की लगेच थांबवायचं. ज्याला पूर्वी जोराचा त्रास झालाय, तोंड सुजणं वगैरे, त्याच्यात हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. नंतर एकेक प्रोटीन वेगळं देऊन बघायचं, प्रत्येकाला साधारण दोन आठवडे. आम्हाला चिकनवर उत्तर मिळालं. गहू चालला. दूध चाललं. म्हणजे बाबांचं बिस्कीट निर्दोष होतं, आणि हे रीचॅलेंज, म्हणजे जुनं पुन्हा देऊन बघणं, केलं नसतं तर ते आयुष्यभर बंद राहिलं असतं.

मनीबद्दल थोडं वेगळं लिहावं लागेल कारण मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. तिने नवीन फूडकडे बघितलं आणि पाठ फिरवली. कुत्र्याच्या बाबतीत "भूक लागली की खाईल" हे काही प्रमाणात चालून जातं, मांजराच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. मांजर, विशेषतः जाड मांजर, दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही तर शरीरातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते, हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात त्याला, आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून मावशीने जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत बदल केला, डॉक्टर सांगत होते त्याप्रमाणे, सावकाश, आणि ट्रायलचे आठवडे ते मिश्रण पूर्ण संपल्यावरच मोजायला घेतले. कोरडं नाही खाल्लं तर त्याच फूडचा ओला प्रकार, जरा कोमट करून, कारण मांजर वासावर खातं. आणि मांजराला टॉरिन हा पोषक घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात, त्यामुळे तिच्यासाठी घरी शिजवायचा विचार तर आम्ही केलाच नाही. मनी बाहेर जाते, उंदीर-पाली पकडते, तेही त्या काळात बंद करावं लागलं आणि तिने घर डोक्यावर घेतलं. मावशी एकटी राहते, रात्री तिचं ओरडणं ऐकत बसायची, पण दार उघडलं नाही. मनीच्या बाबतीत निघाले मासे. लोकांना ते ऐकून धक्काच बसतो, मांजराला मासे कसे चालत नाहीत म्हणून, पण यादीत मासे वर होते ते मी आधी लिहिलंच आहे.

आता रोजचं काय. निदानासाठी वापरलेलं थेरप्यूटिक फूड पूर्ण आणि समतोल असेल तर तेच कायम चालू शकतं, किंवा काय टाळायचं ते कळल्यावर ते नसलेलं साधं फूडही शोधता येतं. गोट्यासाठी आम्ही दुसरा मार्ग घेतला. लेबल वाचताना समोरचं चित्र आणि मोठं नाव सोडून मागची बारीक यादी वाचायची, "पोल्ट्री", "ॲनिमल फॅट", "मीट मील" असे मोघम शब्द असले तर ते पाकीट ठेवून द्यायचं, कारण त्यात कोण आहे ते कुणी सांगितलेलं नाही. नावात लॅम्ब आणि यादीत तिसऱ्या नंबरवर चिकन मील, हे इतकं कॉमन आहे की मी आता ते आधी धरूनच चालतो. कंपन्या रेसिपी बदलतात, पाकीट तेच दिसतं, म्हणून प्रत्येक नवीन पिशवी आली की ताई यादी पुन्हा वाचते. गोट्या कुणाकडे राहायला जातो तेव्हा त्याच्या डब्याबरोबर एक चिठ्ठी जाते, काय चालतं, काय नाही, आणि चुकून खाल्लं तर काय दिसेल.

अंडं अजून तपासायचं राहिलंय. चिकन न सोसणाऱ्या कुत्र्याला अंडं चालतं की नाही हे आधीच ठरवता येत नाही, मांसातली प्रोटीन्स वेगळी आणि अंड्यातली वेगळी, काहींना चालतं आणि काहींना नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की सध्या कान अगदी चांगले आहेत, पिसवांचं औषध वेळेवर चालू आहे, तर ह्या महिन्यात करून बघायला हरकत नाही. भाच्याने सांगून ठेवलंय की पिवळं तो स्वतःच्या हाताने देणार, आणि खाजेचे आकडे लिहायची वहीही त्यानेच मागून घेतलीये.